मेटॅगनंतरचं न्यूटन: कारखाना गेलेल्या गावाने नवे उद्योग कसे आणले

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डि मॉइनच्या पूर्वेला ३५ मैलांवर, इंटरस्टेट ८० महामार्गाला लागून न्यूटन हे जॅस्पर काउंटीचं मुख्य गाव आहे. २००० च्या जनगणनेत लोकसंख्या १५,५७९. मेटॅग कंपनी १८९३ मध्ये इथेच शेतीची अवजारं बनवण्यासाठी सुरू झाली, १९०७ पासून कपडे धुण्याची यंत्रं बनवू लागली आणि पुढे सारं गाव तिच्याभोवती उभं राहिलं. भरात असताना एकट्या न्यूटनमध्ये तिचे सुमारे ४,००० कामगार-कर्मचारी होते. इथे कारखाना होता, मुख्यालय होतं, संशोधन विभागही होता. गावातल्या बागेलाही मेटॅगचंच नाव.

३१ मार्च २००६ रोजी व्हर्लपूलने मेटॅगची खरेदी पूर्ण केली. मे महिन्यात निर्णय जाहीर झाला: न्यूटनचा कारखाना आणि मुख्यालय बंद, सोबत इलिनॉयमधल्या हेरिन आणि आर्कन्सामधल्या सर्सी इथलेही कारखाने बंद. वॉशिंग मशीनचं काम ओहायोतल्या व्हर्लपूलच्या कारखान्यांत हलणार होतं. त्या वेळी न्यूटनमध्ये सुमारे १,८०० नोकऱ्या उरल्या होत्या. शेवटचं यंत्र ऑक्टोबर २००७ मध्ये बाहेर पडलं.

या गावाने पुढे जे केलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण त्यात यश आहे आणि त्याच यशातून आलेलं अपयशही आहे. एका मोठ्या कंपनीवर उभं असलेलं गाव दुसरी मोठी कंपनी आणून सावरू पाहतं तेव्हा काय होतं, हे इथे दोन दशकांच्या अंतरावरून स्पष्ट दिसतं.

हाताशी काय होतं

पहिली जमेची बाजू म्हणजे वेळ. घोषणा आणि टाळं यांच्यात सतरा महिने मिळाले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार मोठ्या कारखान्याला बंद करण्याआधी फक्त ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. साठ दिवसांत कुठलंही गाव कामगारांची यादीसुद्धा नीट बनवू शकत नाही. शिवाय न्यूटनला आधीच अंदाज आला होता. मेटॅगने इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा फ्रिजचा कारखाना २००४ मध्ये बंद करून सुमारे १,६०० नोकऱ्या घालवल्या होत्या आणि काम मेक्सिकोतल्या रेनोसाला नेलं होतं. ज्यांना वाचायचं होतं त्यांना ते वाचता येत होतं.

दुसरी बाजू माणसांची. वेल्डर, पत्र्याच्या प्रेसवर काम केलेले, देखभालीचे इलेक्ट्रिशियन, साचे बनवणारे, आणि मुख्यालयामुळे डिझाइन इंजिनिअर, खरेदी विभागातले, हिशेबनीस. छोट्या गावात इतक्या प्रकारचं कसब एका वेळी मोकळं होणं दुर्मीळ. पण ही शिल्लक टिकत नाही. बेकारी भत्ता संपला, मुलाची शाळा बदलली, की माणूस निघतो. आणि सगळ्यात आधी निघतात ते इंजिनिअर, कारण त्यांना बाहेर मागणी असते.

तिसरी बाजू इमारतींची: गावात असलेली मेटॅगची कार्यालयं, आणि गावाच्या कडेला असलेला प्लँट नंबर २. शिवाय महामार्ग, आयोवा इंटरस्टेट रेल्वेची मालगाडीची लाइन, आणि डि मॉइन एरिया कम्युनिटी कॉलेजची स्थानिक शाखा. या कॉलेजला सगळे डीमॅक म्हणतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे एमआयडीसी जमीन संपादन करते, रस्ते-पाणी देते, भूखंड वाटते. आयोवात तसं महामंडळ नाही. राज्याचा उद्योग विभाग चौकशा पुढे पाठवतो आणि सवलती मंजूर करतो. जमीन, पाणी, सांडपाणी, रस्ता आणि कंपनीशी बोलणी हे सगळं पंधरा हजार वस्तीच्या गावाने स्वतः करायचं. न्यूटनमध्ये ते काम नगरपालिका आणि न्यूटन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही ना-नफा संस्था मिळून करत होत्या. अशा संस्थांमध्ये पूर्णवेळ माणसं किती असतात? बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन.

चौकशी येते कशी

कंपनी स्वतःहून गावात येऊन हात पुढे करते असं क्वचितच घडतं. साधारणपणे कंपनी जागा निवडणारा सल्लागार नेमते, तो राज्याकडे सांकेतिक नावाने चौकशी पाठवतो, राज्य ती गावांकडे सोडतं. उत्तराला मुदत पाच ते दहा दिवस. कंपनीचं नाव कळत नाही, धंदा कोणता तेही कधीकधी कळत नाही. प्रश्न मात्र नेमके असतात: सलग किती एकर, महामार्गाच्या एक्झिटपासून किती अंतर, रेल्वेचं साइडिंग आहे का, किती मेगावॉट वीज किती महिन्यांत, दिवसाला किती गॅलन पाणी, सांडपाणी प्रक्रिया केंद्रात किती क्षमता शिल्लक, तासाचं वेतन काय, तीस मिनिटांच्या प्रवासात किती कामगार मिळतील.

ही निवडीची नव्हे, वगळण्याची प्रक्रिया असते. पन्नास गावांची उत्तरं आली तर सल्लागार आधी ती गाळतो ज्यांच्यात रकाने रिकामे आहेत. 'पाणी मुबलक आहे' असं लिहिणारं गाव तिथेच बाद होतं. टिकतं ते गाव जे पाणीपुरवठा विभागाचं पत्र जोडतं: अमुक व्यासाची मुख्य लाइन भूखंडापासून अमुक फुटांवर, दाब इतका, जादा क्षमता दिवसाला इतके गॅलन, जोडणीचा खर्च इतका, वेळ इतके महिने. हेच विजेचं. न्यूटनला वीज खासगी कंपनी देते, त्यामुळे सबस्टेशनच्या क्षमतेचा आकडा पालिकेकडे नसतोच. तो वीज कंपनीकडून आधीच लेखी घेऊन ठेवावा लागतो. चौकशी आल्यावर मागायला गेलात तर मुदत उलटून जाते.

कामगारांच्या बाबतीत आयोवाकडे एक चांगलं हत्यार आहे. राज्याचा कामगार विभाग 'लेबरशेड' पाहणी करतो. पिनकोडनुसार फोनवर लोकांना विचारतात: सध्या काय काम करता, नोकरी बदलायला तयार आहात का, किती वेतनावर, आणि एका बाजूचा प्रवास किती चालेल. काउंटीची हद्द काय म्हणते यापेक्षा माणसं खरोखर कुठून कुठे कामाला जातात हे यातून कळतं. न्यूटनसारख्या गावासाठी हे दुधारी आहे. डि मॉइन पस्तीस मैलांवर असल्याने तिकडचे कामगार इकडे येऊ शकतात, आणि इकडचे तिकडे जातात. पाहणीतला मोठा आकडा दाखवून कंपनी आणली, आणि तिचं वेतन डि मॉइनपेक्षा दोन डॉलर कमी निघालं, तर तो आकडा कागदावरच राहतो.

जमीन

आयोवात शेतजमिनीचा भाव तिच्या सीएसआर-२ गुणांकावर ठरतो. मातीची मका पिकवण्याची क्षमता ५ ते १०० या मोजपट्टीवर मोजतात, आणि शेतकरी आपल्या तुकड्याचा गुण तोंडपाठ सांगतो. महामार्गालगतची सपाट जमीन, जी कारखान्याला हवी, तीच बहुधा चांगल्या गुणांची असते. गावाने ती सरळ विकत घेऊन ठेवली तर पैसा अडकतो. म्हणून 'ऑप्शन' घेतात: ठरावीक रक्कम देऊन एक ते तीन वर्षं ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क. शेतकरी तोवर पेरणी करत राहतो.

यात चुका कुठे होतात? पहिली, ऑप्शनमध्ये उभ्या पिकाच्या भरपाईचं कलम विसरणं. जुलैत कंपनी आली आणि शेतात छातीएवढा मका असेल तर कोण किती देणार, हे आधी लिहिलेलं हवं. दुसरी, पाच मालकांच्या जमिनीपैकी चौघांचेच ऑप्शन हातात असताना जागा 'तयार' म्हणून जाहीर करणं. पाचव्याला वर्तमानपत्रातून कळतं आणि भाव चढतो. तिसरी, जमिनीखालच्या मातीच्या नळ्या. मध्य आयोवातली बहुतेक शेतं या निचऱ्याच्या नळ्यांवर सुकी राहतात; त्या बांधकामात तोडल्या की शेजारच्याच्या शेतात पाणी साचतं आणि वकील येतो.

२०१२ पासून राज्याने प्रमाणित जागांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पर्यावरणाची प्राथमिक तपासणी, मातीचे बोअर, पाणथळ भागाची आखणी, पुरातत्त्व पाहणी, मालकीहक्काचा शोध, मोजणी आणि सर्व सेवांची लेखी पत्रं हे सगळं आधीच करून ठेवायचं. कंपनीचे काही महिने वाचतात, आणि गावालाही आपल्या जागेतल्या खोड्या दुसऱ्याआधी कळतात. दुसरा फायदा मोठा, असं आमचं मत.

औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यासाठी इंधनकरातून चालणारी 'राइज' ही १९८५ पासूनची राज्य योजना आहे. कंपनीने नोकऱ्यांचं वचन दिलेलं असेल तर खर्चाचा मोठा भाग राज्य देतं, उरलेला गाव. नोकऱ्या कमी भरल्या तर परतफेडीची जबाबदारी मात्र गावावर येते, कंपनीवर नाही. करार करताना गावाने कंपनीकडून तितकंच हमीपत्र उलट घ्यायला हवं. पुष्कळ गावं ते मागायला लाजतात.

पैशाचं गणित

सवलतींचा मुख्य कणा टीआयएफ, म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. एका भागाचं आजचं करपात्र मूल्य गोठवायचं. पुढे त्यावर जी वाढ होईल तिचा कर वेगळ्या खात्यात वळवून त्यातून पायाभूत कामांचं कर्ज फेडायचं. आर्थिक विकासासाठी आखलेल्या भागाला आयोवात वीस वर्षांची मर्यादा आहे.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. कंपनीने ८० लाख डॉलरची इमारत बांधली. आजच्या नियमांनी औद्योगिक मूल्याच्या साधारण ९० टक्के करपात्र, म्हणजे ७२ लाख. एकत्रित दर हजारी ३५ डॉलर धरला तर वर्षाला २,५२,००० डॉलर. यातून शाळांच्या कर्जाचे आणि इतर संरक्षित कर वगळून समजा दोन लाख हातात येतात. गावाने रस्ता आणि सांडपाण्याच्या लाइनसाठी १५ लाखांचे रोखे पाच टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले, तर वार्षिक हप्ता सुमारे १,९४,००० डॉलर. जेमतेम बसतं.

आता इमारतीच्या मालकाने मूल्यांकनाविरुद्ध अपील करून ८० चे ५० लाख करून घेतले, तर हातात येतात सव्वा लाख आणि दर वर्षी सुमारे सत्तर हजारांचा खड्डा पडतो. तो भरायचा सर्वसाधारण निधीतून, म्हणजे अग्निशमन, बागा, वाचनालय यांतून. यावर उपाय कायद्यातच आहे: किमान मूल्यांकनाचा करार. ठरावीक वर्षं मालक ठरलेल्या आकड्याखाली मूल्य आणू शकत नाही. दुसरा उपाय रिबेटचा: कंपनीने आधी स्वतः खर्च करायचा, आणि कर भरल्यावर त्याचा काही भाग दर वर्षी परत मिळवायचा. परतावा दर वर्षी कौन्सिलच्या मंजुरीवर ठेवला तर तो गावाच्या कर्जमर्यादेतही धरला जात नाही. ही मर्यादा आयोवाच्या घटनेने एकूण मालमत्ता मूल्याच्या पाच टक्क्यांवर बांधली आहे.

बाहेरच्यांना न सुचणारी एक गोष्ट अशी, की आयोवाने यंत्रसामग्रीवरचा मालमत्ता कर या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकला. त्यामुळे 'पाच कोटींची गुंतवणूक' अशी बातमी आली तरी त्यातले चार कोटी यंत्रांचे असतील तर गावाला कर एक कोटीच्या इमारतीवरच मिळतो. टीआयएफचं गणित गुंतवणुकीच्या आकड्यावर मांडलं की फसतं.

प्रशिक्षणाची योजना जास्त हुशार आहे. २६०-ई या कलमाखाली कम्युनिटी कॉलेज रोखे काढतं, त्या पैशातून नव्या कामगारांना शिकवतं, आणि कंपनी पगारातून राज्याला जो कर कापून भरते त्यातला एकूण वेतनाच्या दीड टक्के (वेतन ठरावीक पातळीवर असेल तर तीन टक्के) भाग कॉलेजकडे वळतो. कंपनीच्या खिशातून जादा काही जात नाही. जोखीम एकच: माणसं कमी घेतली किंवा कारखाना लवकर बंद झाला तर वळणारी रक्कम आटते आणि रोखे उरतात.

राज्याच्या हाय क्वालिटी जॉब्स योजनेत कंपनीला साधारण तीन वर्षांत कबूल नोकऱ्या उभ्या करून पुढे दोन वर्षं टिकवाव्या लागत. नाहीतर रकमेची वसुली. पाच वर्षं हा काळ कागदावर मोठा वाटतो. कारखाना मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी बंद पडतो, आणि तोवर सगळी कलमं संपलेली असतात.

वारा

न्यूटनला पवनऊर्जा मिळाली ती निव्वळ नशिबाने नाही. आयोवाने १९८३ मध्येच वीज कंपन्यांना अपारंपरिक वीज घेणं बंधनकारक केलं होतं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. २००६-०७ च्या सुमाराला मध्य-पश्चिमेत पवनचक्क्यांची बांधणी जोरात होती, आणि पातं इतकं लांब की दुरून आणणं महाग. पवनचक्क्या बनवणाऱ्या जीई कंपनीच्या त्या वेळच्या दीड मेगावॉटच्या यंत्राचं पातं सुमारे ३७ मीटरचं होतं. जिथे उभारायचं त्याच्या जवळ बनवायचं, आणि महामार्ग दारात हवा. या दोन अटींत न्यूटन बसलं.

२००८ मध्ये टीपीआय कंपोझिट्सचा पात्यांचा कारखाना सुरू झाला: ३,१६,००० चौरस फूट, ५०० नोकऱ्यांचं उद्दिष्ट, ग्राहक जीई. त्याच सुमाराला मेटॅगच्या प्लँट नंबर २ मध्ये ट्रिनिटी कंपनीने पवनचक्कीचे पोलादी मनोरे बनवायला घेतले. जाड पत्रा गोल वाकवायचा, शिवण वेल्ड करायची, गोल तुकडे जोडून खांबाचा एक टप्पा करायचा. मेटॅगच्या वेल्डरला ही भाषा ओळखीची होती. २२ एप्रिल २००९ ला राष्ट्राध्यक्ष ओबामा याच कारखान्यात आले, आणि न्यूटन 'सावरलेलं गाव' म्हणून देशभर दाखवलं जाऊ लागलं.

पात्याचं काम मात्र वेगळं. साच्यात काचधाग्यांचं कापड हाताने थरावर थर पसरायचं, मधे बाल्सा लाकूड किंवा फोमचा गाभा, वर प्लास्टिकची पिशवी लावून हवा खेचायची, मग रेझिन आत शोषलं जातं आणि भट्टीसारख्या उष्णतेत घट्ट होतं. दोन अर्धं कवचं गोंदाने जोडायची, कडा कापायच्या, घासायचं, रंगवायचं. कापडाला एक सुरकुती पडली तर पुढे तिथेच तडा जातो. हे काम प्रेस चालवणाऱ्याला नव्याने शिकावं लागतं. रेझिनने कातडीला पुरळ येणं हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं आहे, आणि ते झालं की माणूस पहिल्या काही आठवड्यांतच सोडून जातो. म्हणून अशा कारखान्याला ५०० माणसं हवी असतील तर भरती त्याहून बरीच जास्त करावी लागते. लेबरशेडचा आकडा वाचताना हे धरायचं राहून जातं. शिवाय सुरुवातीचं वेतन मेटॅगच्या युनियन करारातल्या वेतनापेक्षा बरंच कमी होतं. नोकऱ्यांची संख्या भरून आली तरी गावातला पगाराचा पैसा तेवढा भरून येत नाही. दुकानदाराला हे महिन्याभरात कळतं, अहवालाला दोन वर्षांनी.

खरी कमजोरी याहून खोल होती. पवनऊर्जेची मागणी केंद्र सरकारच्या उत्पादन-करसवलतीवर चालते, आणि ती सवलत संसदेने वारंवार संपू देऊन पुन्हा वाढवली आहे. २०१२ मध्ये देशात सुमारे १३ गिगावॉट पवनक्षमता उभी राहिली. सवलतीच्या अनिश्चिततेमुळे २०१३ मध्ये नवी उभारणी जेमतेम १ गिगावॉटवर आली. २०१२ च्या मे महिन्यात ओबामा पुन्हा न्यूटनला, या वेळी टीपीआयमध्ये आले ते ही सवलत वाढवा असं सांगायलाच. गावाने दिलेला रस्ता, कॉलेजने दिलेलं प्रशिक्षण, सगळं नीट असूनही कारखान्याचा श्वास वॉशिंग्टनच्या वेळापत्रकावर होता. त्यात ग्राहक एक. पात्यांचे साचे ग्राहकाच्या मॉडेलप्रमाणे आणि बहुधा त्याच्याच पैशातून बनतात. मॉडेल बदललं की साचे भंगार, आणि नवे कुठे बसवायचे ते ग्राहक ठरवतो.

हे आधीच घडून गेलेलं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. सुझलॉनने २००६ मध्ये मिनेसोटातल्या पाइपस्टोन या सुमारे ४,३०० वस्तीच्या गावात पात्यांचा कारखाना सुरू केला. बफेलो रिजचा वारा शेजारीच. पण कंपनीच्या एस-८८ यंत्रांच्या पात्यांना अमेरिकेत तडे गेले, मार्च २००८ मध्ये १,२५१ पाती मजबूत करून देण्याचा कार्यक्रम जाहीर करावा लागला, मग मंदी आली, आणि पाइपस्टोनमध्ये मोठी नोकरकपात झाली. चार हजारांच्या गावात काही शे नोकऱ्या जाणं म्हणजे काय, हे मेटॅग पाहिलेल्यांना सांगायला नको.

बाकीची गुंतवणूक

सप्टेंबर २००६ मध्ये न्यूटनजवळ आयोवा स्पीडवे ही सात-अष्टमांश मैलाची मोटार-शर्यतीची धावपट्टी सुरू झाली. विधिमंडळाने तिच्यासाठी विक्रीकराचा १ कोटी २५ लाख डॉलरपर्यंत परतावा मंजूर केला होता. २०१३ मध्ये मोटार-शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेने ती विकत घेतली, आणि २०२४ मध्ये पहिल्यांदा तिथे नॅसकार कपची शर्यत झाली. शर्यतीच्या शनिवार-रविवारी हॉटेलं भरतात. कायम नोकऱ्या थोड्या. गावाचं नाव नकाशावर आलं हे खरं, पण रोजगाराच्या हिशेबात ती कारखान्याच्या जागी मांडू नये.

आयोवा टेलिकॉमचं मुख्यालय न्यूटनमध्ये होतं, म्हणजे पांढरपेशा नोकऱ्या. २०१० मध्ये विंडस्ट्रीमने ती कंपनी घेतली. मुख्यालय असलेली कंपनी विकली गेली की काय होतं ते मेटॅगच्या वेळी दिसलंच होतं.

सगळ्यात कमी बोललं जाणारं यश आमच्या मते वेगळंच आहे. मेटॅगच्या इंजिनिअरांपैकी काहींनी गावातच स्प्रिंगबोर्ड इंजिनिअरिंग ही डिझाइन आणि चाचणीची कंपनी काढली. घरगुती उपकरणांची चाचणी घेण्याचं जे ज्ञान दशकानुदशकं साठलं होतं ते विकाऊ निघालं. पुढे यूएल या चाचणी संस्थेने ती कंपनी घेतली. यासाठी जमीन लागली नाही, सांडपाण्याची लाइन लागली नाही. लागली ती बसायची जागा, आणि माणसं निघून जाण्याआधीची काही महिन्यांची मुदत. गावात आधीपासून असलेल्या मध्यम कंपन्याही टिकल्या: फोर्कलिफ्टची पॉलियुरेथेन चाकं बनवणारी थॉम्बर्ट, जाहिरातीच्या भेटवस्तूंची व्हर्नन. अशा कंपनीला वीस नोकऱ्या वाढवायला मदत करणं हे बाहेरून दोनशेची कंपनी आणण्याहून स्वस्त आणि खात्रीचं असतं, फक्त त्याची फीत कापायला गव्हर्नर येत नाही.

२०२१ आणि नंतर

नोव्हेंबर २०२१ मध्ये टीपीआयने न्यूटनमधलं पात्यांचं उत्पादन वर्षअखेर थांबवत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ७०० नोकऱ्या. जीईशी असलेला करार पुढे चालला नव्हता, आणि करसवलत पुन्हा एकदा उतरणीला होती. सूचना जेमतेम दोन महिन्यांची. मेटॅगचे सतरा महिने या वेळी नव्हते. पण नुकसान तितकं खोल गेलं नाही. २०२१ च्या शेवटी सगळ्याच मालकांना माणसं कमी पडत होती, डि मॉइन जवळ होतं, आणि गाव आता एकाच फाटकातून कामाला जात नव्हतं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १५,७६० होती, म्हणजे मेटॅग असतानाच्या २००० पेक्षाही थोडी जास्त.

हा आकडा योगायोगाचा नाही. २०१४ पासून पालिकेने नव्याने बांधलेलं घर घेणाऱ्याला रोख १०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली, आणि मोडकळीला आलेली घरं ताब्यात घेऊन पाडण्याचा कार्यक्रम चालवला. कारण साधं होतं. मेटॅगच्या काळातली छोटी जुनी घरं नव्या व्यवस्थापकाला नको असत. तो न्यूटनमध्ये कमावून डि मॉइनच्या उपनगरात राहत असे. कारखाना आणूनही घरपट्टी आणि शाळेतली मुलं दुसऱ्याच गावाला जात होती. औद्योगिक सवलतींवर भांडणाऱ्या गावांनी हा खर्च किती लहान आहे ते पाहावं: नमुन्यातल्या त्या १५ लाखांच्या रस्त्याच्या पैशात दीडशे घरांना ही रक्कम देता येते. मेटॅगच्या मुख्यालयाच्या परिसरातही, जो आता लेगसी प्लाझा म्हणून ओळखला जातो, पुढे घरं आणि लहान व्यवसाय आले.

२०२२ च्या नव्या केंद्रीय कायद्याने देशात बनवलेल्या पात्यांना सवलत मिळाल्यावर टीपीआयने जीईच्या साथीने न्यूटनच्या इमारतीची भाडेपट्टी दहा वर्षांनी वाढवली आणि २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनी चॅप्टर ११ खाली, म्हणजे दिवाळखोरीत कर्जाची फेररचना करण्याच्या तरतुदीखाली, गेली.

दिवाळखोरीच्या कायद्यात गावाच्या दृष्टीने पाहण्यासारखं कलम भाडेपट्टीचं आहे. दिवाळखोरीतल्या कंपनीला व्यापारी जागेची भाडेपट्टी ठेवायची की सोडायची हे १२० दिवसांत ठरवावं लागतं, आणि न्यायालय आणखी ९० दिवस देऊ शकतं. ती सोडली तर इमारत घरमालकाकडे परत येते. म्हणून अशा वेळी विकास संस्थेने बोलायचं ते कंपनीच्या जनसंपर्क विभागाशी नव्हे, तर इमारतीच्या मालकाशी: छताची मोकळी उंची, दोन खांबांमधलं अंतर, फरशी किती भार पेलते, क्रेनचे टन, जोडलेली वीज, ट्रक वळवायला अंगणाची रुंदी. पात्यांसाठी बांधलेली लांबच लांब मोकळी इमारत गोदामाला चालते, ट्रेलर बांधणाऱ्याला चालते, बसची बॉडी बनवणाऱ्याला चालते. पण हे आकडे एका पानावर लिहून राज्याच्या जागांच्या यादीत २१० दिवसांच्या आत गेले तरच पुढच्या चौकशीत रकाना भरलेला असतो.